स्वयंपाकघरातला जबाब

स्टोरविक, नॉर्थ डकोटा
१९ जून

प्रिय कार्स्टन,

अनेक आशीर्वाद. तू बरा असशील. टीव्हीवर तरी बरा दिसलास. निळा टाय तुला शोभत होता, केस मात्र जरा जास्तच कापलेत.

इकडे सगळं ठीक. गहू गुडघ्याला लागलाय. पाऊस बेताचा आहे, डास मात्र भरपूर. शेजारच्या मार्लिसच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं. आता ती चर्चच्या पायऱ्या काठीशिवाय चढते आणि कोणी बघत नसेल तर परत खाली येऊन पुन्हा चढते. परसातला रुबार्ब यंदा नुसता माजलाय. गेले काही आठवडे मी ना पारी लाटली, ना त्याचा एकही गोड पाय भाजला. दांडे जाड होऊन वाया चाललेत, चालू देत.

बाबा बरे आहेत.

फोन न करता पत्र का लिहिते आहे, असं तुला वाटेल. फोनवर तू फार छान बोलतोस. बोलणं हाच तुझा धंदा आहे. मी एक वाक्य म्हणते, तू त्याची तीन करून मला परत देतोस, आणि फोन ठेवल्यावर मला आठवतच नाही की मी रागावले कशासाठी होते. कागदाला मधेच तोडता येत नाही, म्हणून कागद.

तुझं निवेदन आम्ही चर्चच्या तळघरात बघितलं. पाद्रीबाईंनी मोठा पडदा लावला होता. अख्खं गाव आलं होतं रे. स्टोरविकचा पोरगा वॉशिंग्टनहून सगळ्या देशाशी बोलणार, म्हणून बायकांनी घरून भाजलेली हॉटडिश आणली, भांड्यांच्या बुडाला नावाच्या पट्ट्या चिकटवून. मार्लिसनं तर तुझ्या आवडीची टर्कीची केली होती. तुला कशी पोचणार ती, पण केली होती. बाबांनी चांगला शर्ट घातला. मी इस्त्री केली त्याला. हे मुद्दाम लिहिते आहे.

पूर्वी लोक उडत्या तबकड्या म्हणायचे आणि हसायचे. आता तुमच्या कार्यालयानं 'ओळख न पटलेल्या हवाई घटना' असं लांबलचक नाव ठेवलंय आणि हसणं बंद केलंय, एवढंच काय ते बदललं. तू म्हणालास, सरकार जनतेपासून काहीही लपवत नाही, एकेक जुनं प्रकरण उजेडात आणतो आहोत. मग आपल्या इथलं प्रकरण आलं. तू कागदावरून वाचलंस: 'एकमेव हयात साक्षीदारानं सविस्तर मुलाखतीत स्वतः मान्य केलं आहे की ती वस्तू संशोधनासाठी सोडलेला फुगा असू शकते. त्यामुळे प्रकरण निकाली काढण्यात येत आहे. साक्षीदाराच्या खासगीपणाचा मान राखून त्याचं नाव जाहीर करत नाही.'

तळघरात नुसत्या खुर्च्या सरकल्या. आपल्याकडे बोलत नाहीत, तुला ठाऊकच आहे. साक्षीदार कोण, हे त्या खोलीत पाळण्यातल्या पोराला सोडून सगळ्यांना माहीत होतं. थोड्या वेळानं मार्लिस उठली आणि म्हणाली, "हॅल्वर, कॉफी घालू अजून?" बाबा म्हणाले, "नको." तिनं घातली. मग बाबा उठले, स्वयंपाकघरात गेले आणि सगळ्या गावाचे कप धूत बसले. चर्चमध्ये बायका कप धुतात. एकीनंही त्यांना हटकलं नाही.

आता जे लिहिते ते सगळं तुला पाठ आहे. तरी लिहिते, कारण तुझ्या निवेदनात त्यातलं काहीच नव्हतं.

बाबा तरुणपणी हवाई दलात पहारेकरी होते. आपल्या गव्हाच्या खाली क्षेपणास्त्रं पुरलेली, त्यांच्या कुंपणांवर नजर ठेवायची, एवढंच काम. जोडीला वेंडेल क्रेस. अलाबामाचा पोरगा, बडबड्या, थंडीला शिव्या घालणारा. ऑगस्टात भर दुपारी कुंपणाचा भोंगा वाजला म्हणून दोघं गाडी घेऊन गेले. कुंपणाच्या वर ती वस्तू थांबली होती. राखाडी, न चमकणारी, धान्याच्या कोठाराएवढी, जराही आवाज नाही. खालच्या कुरणातल्या गाई सगळ्या एका बाजूला तोंड करून उभ्या. दोघांनी पाहिलं, दोघांनी बिनतारी यंत्रावर कळवलं. मग ती वर गेली. उडून नाही गेली, बाबा म्हणतात, नुसती होती ती नव्हती झाली.

अधिकारी आले, कुठेही बोलायचं नाही असं लिहून घेतलं. बाबांनी सही केली आणि तोंड मिटलं. वेंडेलनंही सही केली, पण त्याचं तोंड मिटेना. न्हाव्याकडे बोलला, चर्चमध्ये बोलला. मग त्याला डॉक्टरांपुढे बसवलं आणि 'भ्रम' असा शेरा मारून नोकरीतून काढलं. तो परत अलाबामाला गेला नाही. इथलीच मुलगी केली, पलीकडच्या गावात ट्रॅक्टर दुरुस्त करत राहिला. आयुष्यभर त्याच्या नावापुढे तो एक शब्द आहे. पेन्शन नको, पैसे नकोत, म्हणतो, मी मरायच्या आत तेवढा एक शब्द खोडा.

यंदा लष्कराच्या फेरतपासणी मंडळानं त्याला कळवलं की तुमच्या कार्यालयानं हे प्रकरण 'कारण अज्ञात' म्हणून नोंदवलं, तर शब्द खोडू. अज्ञात एवढंच. परग्रहावरचं म्हणा असं कोणीच म्हणत नव्हतं. वेंडेलच्या नाकात आता प्राणवायूची नळी असते. तसाच गाडी घेऊन आला आमच्याकडे ते सांगायला. अंगणात उतरून बाबांच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "हॅल्वर, त्या सहीतून आता मोकळं केलंय ना तुला त्यांनी? आता बोल की लेका!"

आणि तू टीव्हीवर 'एकमेव हयात साक्षीदार' म्हणालास. वेंडेल कधी मेला, कार्स्टन? आम्हाला कळवायचं तरी. मी हॉटडिश घेऊन त्याच्या बायकोला भेटायला गेले असते.

निवेदनाच्या आधी तुमच्याकडचा तो तरुण बाबांची मुलाखत घ्यायला आला होता, अ‍ॅशबी. मला आवडला. बूट बाहेर काढून आत आला. बाबा त्याला मागच्या अंगणात घेऊन गेले, तिथून ते कुंपण दिसतं. मी दोरीवर चादरी वाळत घालत होते, चार हातांवर. सगळं ऐकू येत होतं. त्यानं विचारलं, "साहेब, फुगा असू शकेल?" बाबा म्हणाले, "नाही." त्यानं वेगळ्या तऱ्हेनं विचारलं. बाबा म्हणाले, "पोरा, फुगे मी पाहिलेत. ते फुगे वाऱ्याबरोबर जातात. त्या दिवशी वारा होता आणि ती वस्तू हलत नव्हती. फुगा नव्हता." एवढं लांब वाक्य बाबांनी आमच्या लग्नातसुद्धा बोललेलं मला आठवत नाही. मला हसू आलं. अभिमानही वाटला.

अ‍ॅशबीचं ध्वनिमुद्रण यंत्र तेव्हा बंद होतं. म्हणाला, वाऱ्यामुळे नीट येणार नाही.

मग तो गाडीपाशी जाऊन फोनवर बराच वेळ बोलला. परत आला तो हसतच. म्हणाला, "मिसेस फ्लाटेन, कार्स्टननं बजावलंय, आईच्या हातचा रुबार्बचा पाय खाल्ल्याशिवाय परतायचं नाही."

मला किती आनंद झाला सांगू? वेडी मी. तुला माझा पाय आठवतो, एवढ्या कामात आठवतो, म्हणून मी वर क्रीम घालून त्याला मोठा तुकडा वाढला. तो आपल्या टेबलावर बसला, तुझ्या खुर्चीत. कॉफी घेतली. यंत्र साखरेच्या भांड्याशेजारी ठेवून सुरू केलं. आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. "तर साहेब, ते फुगा असू शकेल, नाही का?"

बाबांनी त्याच्या ताटलीकडे बघितलं आणि म्हणाले, "तुम्ही शिकलेले लोक. तुम्ही म्हणता तसंही असेल."

मी आणखी एक तुकडा वाढायला गेले. तो नको म्हणाला, आणि एकदाच नको म्हणून खरंच थांबला. तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं की हा पोरगा इथला नाही, आपल्या टेबलाची रीत याला कोणीतरी शिकवून पाठवली आहे, आणि तीही हवी तेवढीच.

आपल्या घरात, आपल्या आजोबांच्या घरात, या अख्ख्या तालुक्यात टेबलावर बसलेल्या पाहुण्याला कोणी खोटं पाडत नाही. अंगणात हवं तेवढं भांडा, गोठ्यात एकमेकांची गचांडी धरा. पण एकदा माणूस तुमच्या टेबलावर जेवायला बसला की त्याचं म्हणणं गोड मानून घ्यायचं आणि कॉफी विचारायची. तो गेल्यावर आपण आपलं तेच करायचं. तू हे दुधाबरोबर प्यायला आहेस. एकदा योर्गेनसन आला होता, आपल्या कुत्र्यानं त्याच्या कोंबड्या मारल्या म्हणून. बाबा टेबलावर म्हणाले, "असेल, तुम्ही म्हणता तसंही असेल." तो समाधानानं गेला, आणि तू दार लागायच्या आत टाळ्या वाजवून ओरडलास, "बाबा असेल म्हणाले, म्हणजे कुत्रा सुटला!" मग कितीतरी दिवस तू जेवताना बाबांची नक्कल करायचास. आम्ही हसून हसून बेजार व्हायचो.

म्हणून अ‍ॅशबी गेला त्या संध्याकाळी मी तुला फोन केला होता. तुला आठवत असेल. मी म्हटलं, "अरे, बाबा अंगणात नाही म्हणाले होते, स्पष्ट."

तू म्हणालास, "आई, अंगणातलं रेकॉर्डवर नाही."

"टेबलावरचं आहे?"

"टेबलावरचं आहे. त्यांचेच शब्द आहेत. मी एक अक्षरही बदललेलं नाही."

"कार्स्टन, तुला माहीत आहे ते असं का बोलतात."

मग तू म्हणालास, "माझ्या माहितीला पुरावा म्हणत नाहीत, आई." आणि मार्लिसचा गुडघा कसा आहे, असं विचारलंस.

मला वाटत होतं, चूक झाली. अ‍ॅशबीला आपली रीत कळली नसेल, तू कामात असशील, समोर आला तो कागद वाचून मोकळा झाला असशील. आईला असलं काहीतरी वाटायला फार वेळ लागत नाही. मग एक दिवस भांडी घासताना माझ्या डोक्यात आलं की अ‍ॅशबीला पायचं तू सांगितलंस. गाडीपाशी उभा राहून तो तुझ्याशीच बोलत होता. म्हातारा अंगणात ऐकत नाही, असं त्यानं सांगितलं असणार. आणि तू त्याला सांगितलंस, आत जा, आईला पाय मागा, टेबलावर बसा, आणि मग विचारा. हातातली ताटली ओट्यावर ठेवून मी खाली बसले.

माझ्या पायचा तू सापळा केलास रे. दुसरं काही नाही सापडलं तुला?

तुम्ही मुलाखत संकेतस्थळावर टाकली, जनतेसाठी खुली. पाद्रीबाईंनी छापून आणून दिली. पानंच्या पानं काळ्या पट्ट्या. बाबांनी टेबलावर पुन्हा सांगितलेल्या गाई काळ्या झाल्या, कुंपण काळं झालं, वाराही काळा. अ‍ॅशबी पायला काय म्हणाला ती ओळसुद्धा काळी. रुबार्बनं देशाच्या सुरक्षेला काय धोका होता, मला समजावून सांग. पांढरं राहिलंय फक्त एकच वाक्य, बाबांचं.

तू म्हणशील, आई, मी वरून आलेलं वाचतो. असेल, तू म्हणतोस तसंही असेल. बघ, मलाही येतं.

वर मी बाबा बरे आहेत असं लिहिलं. ते बरे नाहीत. चर्चला येतात, पण प्रवचन संपलं की कॉफीला थांबत नाहीत, गाडीत जाऊन बसतात. घरात टेबलावर जेवत नाहीत. ताटली घेऊन मागच्या पायरीवर बसतात. मी विचारलं तर म्हणतात, हवा छान आहे. डास त्यांना फोडून खातात, पण हवा छान आहे.

निवेदनाच्या दुसऱ्या दिवशी ते वेंडेलकडे गेले. मी गाडीतून उतरले नाही, पण काच खाली होती. वेंडेल प्राणवायूची टाकी ओढत दारात आला. आत ये म्हणाला नाही.

"हॅल्वर, तू म्हणालास असं?"

"म्हणालो."

"फुगा?"

"तो टेबलावर बसला होता, वेंडेल."

वेंडेल हसला. मग त्याला खोकल्याची उबळ आली. खोकला थांबल्यावर तो म्हणाला, "मला त्या डॉक्टरांनी वेडा ठरवलं तेव्हा मी म्हटलं, एक माणूस आहे, त्याला विचारा. आयुष्यभर तेच म्हणत आलो. हॅल्वरला विचारा. आणि त्यांनी विचारलं, तर तू पाहुणचार केलास?" बाबांनी डोक्यावरची टोपी काढली. वेंडेल म्हणाला, "तुम्हा लोकांच्या सभ्यपणानं माझा जीव घेतला. तो टीव्हीवरचा पोरगा तुझाच ना? त्याला मी सायकल शिकवली होती." आणि त्यानं दार लावलं. आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

मंडळाचं उत्तरही आलं त्याला. प्रकरण निकाली निघाल्यामुळे शब्द खोडता येत नाही. ते त्याच्या बायकोनं मला बाजारात सांगितलं, टोमॅटो निवडता निवडता, माझ्याकडे न बघता.

संसदेच्या समितीतून रमोना प्रॅट नावाच्या बाईंचा फोन आला होता. आपला नंबर त्यांना पाद्रीबाईंनी दिला होता, नाव मात्र सांगितलं नव्हतं. त्यांनी मुलाखत वाचली होती आणि त्यांना ती पटली नव्हती. त्या बाबांना म्हणाल्या, तुम्ही जाहीर सुनावणीत येऊन बोलाल का? बाबा म्हणाले, राहू द्या. फोन ठेवल्यावर मी विचारलं, "का राहू द्या?" ते म्हणाले, "पोराची नोकरी जाईल." मी म्हटलं, "आणि वेंडेलचं काय?" ते उठून पायरीवर गेले.

हे तुला कळावं म्हणून लिहिते. तुला वाटत असेल की म्हाताऱ्याला आपण पटवलं. तुझ्या बापाला तू पटवलेलं नाहीस. त्यांनी जे पाहिलं ते त्यांनी पाहिलंय, आणि आता ते तुझ्यासाठी गप्प बसलेत. सरकारनं सांगितलं तेव्हा गप्प बसले, आता तुझ्यासाठी. तुझ्यावर माझा राग आहे तसा त्यांच्यावरही आहे. तो तेवढा दिसत नाही, कारण डासांनी फोडलेल्या माणसावर किती रागावणार?

काल मी रमोना बाईंना फोन केला. बाबा शेतावर गेले होते. मी म्हटलं, मी येते. त्या म्हणाल्या, तुम्ही ती वस्तू पाहिली होती का? म्हटलं, नाही, मी आकाशातलं काहीच पाहिलेलं नाही आणि त्याबद्दल मी बोलणारही नाही. मी चादरी वाळत घालताना जे ऐकलं ते सांगेन, आणि आमच्या टेबलावर माणसं कशी बोलतात ते सांगेन. त्या म्हणाल्या, पण हे त्या प्रवक्त्याला कसं माहीत असणार? मी म्हटलं, त्याला माहीत होतं. त्यांनी विचारलं, कशावरून?

कार्स्टन, त्यांना ठाऊक नाही. वॉशिंग्टनमध्ये कोणालाच ठाऊक नाही. साक्षीदाराचं नाव झाकलंत ना, त्याच्या खासगीपणासाठी. केवढी काळजी. मी पण त्या दिवशी तळघरात क्षणभर फसले, म्हटलं, पोरानं बापाचं नाव चव्हाट्यावर येऊ दिलं नाही. नाव बाहेर आलं असतं तर पहिल्याच पत्रकारानं विचारलं असतं, हा फ्लाटेन आणि तो फ्लाटेन कोण एकमेकांचे? ती काळी पट्टी बाबांवर नव्हती, तुझ्यावर होती.

मी बाईंना फोनवर काही सांगितलं नाही. म्हटलं, समोर आल्यावर सांगते. तुला आधी कळायला हवं, एवढं तरी मी तुझं देणं लागते. सुनावणी सोमवारी आहे. पाद्रीबाई मला विमानतळावर सोडणार आहेत. बाबांना आज संध्याकाळी सांगेन, टेबलावर बसवून. नाही, पायरीवर जाऊन सांगेन, म्हणजे त्यांना मला नाही म्हणता येईल. ते नाही म्हणाले तरी मी जाणार आहे.

तुझी नोकरी जाईल, कदाचित आणखीही काही होईल, ते मला कळत नाही असं समजू नकोस. तू पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर उभा राहिलास तेव्हा मी शेजारणींना बोलावून दाखवलं होतं. मला झोप लागत नाही. तुझ्यावर माझा जीव आहे, तो कमी झालेला नाही, आणि त्यामुळेच हे सगळं इतकं कडू झालंय. पण वेंडेल रोज थोडा थोडा गुदमरतोय, आणि त्याला त्या शब्दासकट पुरायचं मी बघू शकत नाही. तू सोमवारच्या आत स्वतः उभा राहून सांगितलंस, तर मी येणार नाही. तसं करशील असं मला वाटत नाही. वाटलं असतं तर मी पत्राऐवजी फोन केला असता.

पाय मागायला आता कोणाला पाठवू नकोस.

रमोना बाई म्हणाल्या, आधी शपथ देतात, मग नाव विचारतात, आणि या प्रकरणातल्या माणसांशी असलेलं नातं. ते सांगावंच लागतं. एरवी मी पत्राखाली नुसतं 'आई' लिहिते. या वेळी तिथे सांगायचं तसंच लिहिते आहे, आवाज कापू नये म्हणून.

सोल्वेग फ्लाटेन
साक्षीदाराची बायको,
प्रवक्त्याची आई